पास झालेलं झाकण

— पाच घरं. बरं, धरली पाच घरं, पण मॅडम, पाच घरं फिरून माधुकरी होते, रिसर्च होत नाही. रागावू नका, माझं बोलणं असंच आहे, घरीही हेच ऐकून घेतो मी. बसा ना, उभ्यानं काय भांडायचं. एसी आत मशिनींना आहे, माणसांना इथे पंखा — हां, आता मला नीट समजू द्या. तुम्ही रुचिका मॅडम, हरेशभाईंच्या कंपनीच्या डिझायनर. संडास-बाथरूम घासायच्या अ‍ॅसिडच्या बाटलीचं हे झाकण तुम्ही काढलेलं. दाबून फिरवलं तरच उघडतं, पोरानं नुसतं फिरवलं तर जागच्या जागी फिरतं आणि कट-कट वाजतं — झकास आहे, तोंडावर सांगतो. त्याची चाचणी केली आमच्या लॅबनं, म्हणजे मी. झाकण पास झालं. रिपोर्ट टाइप होऊन हा इथे पडलाय, माझी सही तेवढी राहिली, ती सकाळीच व्हायची, पण आज मलाच यायला उशीर, नातवानं बूट लपवून ठेवला होता. कॅम्प दोनच्या ऑफिसातून हरेशभाईंचे फोनवर फोन, खाली गेटवर टेम्पो माल भरून उभा. आणि जिनं झाकण बनवलं तीच जिने चढून वर येते आणि म्हणते, सर, सही करू नका. मॅडम, या आनंदनगरात माझी उभी हयात गेली. पास करा म्हणून हात जोडणारे बघितले, मिठाईचे बॉक्स घेऊन येणारे बघितले, त्यांना त्या मिठाईसकट खाली पाठवलं. पण आपलंच लेकरू बोटाला धरून आणायचं आणि याला नापास करा म्हणायचं, हे पहिल्यांदाच बघतोय.

नापास करू तर कशावर करू? मी काय केलं ते ऐका, मग बोला. आमच्या विहारात रविवारी बालवर्ग भरतो. तिथली पोरं घेतली, आयांना विचारून, आयांना समोर बसवून. बाटलीत अ‍ॅसिड नाही, साधं पाणी. स्टँडर्डमध्ये दिलाय तेवढा वेळ दिला, मग एकदा उघडून दाखवलं, मग पुन्हा तेवढाच वेळ, दात लावायचे तर लावा म्हटलं. एक पोरगी रडली, एकानं बाटली माझ्या पायावर मारली, उघडली कुणीच नाही. मग मोठी माणसं. त्यांना उघडता आलं पाहिजे आणि परत लावता आलं पाहिजे, दोन्ही. शेजारच्या पॅकिंग युनिटच्या बायका जेवणाच्या सुट्टीत एकेक करून बोलावल्या — सगळ्यांना तेच टेबल, तीच खुर्ची, तेच वाक्य, दाबा आणि फिरवा — मी एक शब्द जास्त बोललो नाही, हसलोसुद्धा नाही, कारण मी हसलो की पुढची बाई लाजायची थांबते आणि रीडिंग बदलतं. याला म्हणतात चाचणी. उद्या नागपुरात दुसऱ्या कुणी केली तरी हेच आलं पाहिजे. माझं नाव खोडून तिथे कुणाचंही नाव घाला, आकडा हलणार नाही.

आणि तुमचं काय? तुम्ही कॅम्प पाचमध्ये कुण्या चंद्रीबाईकडे गेलात, दुपारभर मोरीशी पाट टाकून बसलात, चहा प्यालात. वांगणीच्या वाडीवर बनूबाईकडे गेलात, भाकरी खाऊन आलात. छान केलंत. पण पहिल्या घरी झाकण हातातून निसटतंय म्हटल्यावर तुम्ही पिशवीतून कानस काढली आणि तिथल्या तिथे त्याला खाचा पाडल्या. म्हणजे दुसऱ्या घरी गेलं ते झाकण वेगळंच. तिसऱ्या घरी तिसरं. मग पहिल्या घराचं दुसऱ्याला लागू कसं करायचं सांगा, मोजता मोजता तुम्ही फूटपट्टीच कापली की. — माहितीय मला, तुमच्यात असंच करतात. बघायचं, बनवायचं, मोडायचं, परत बघायचं. तुम्हाला किती ते नको असतं, का ते पाहिजे असतं. मघाशी काय म्हणालात तुम्ही, मला आवडलं ते — सर, तुम्ही जे आहे ते खरं आहे का बघता, मी जे अजून नाहीच ते कसं असावं ते शोधते. वाक्य चांगलं आहे. पण वाक्यावर सही होत नाही, मॅडम. सहीला आकडा लागतो.

दाखवा तो मोबाइलवरचा चंद्रीबाईच्या मोरीचा फोटो परत. हां. बाटली मोरीच्या कट्ट्यावर, उघडी, तोंडात चिंधीचा बोळा, आणि झाकण खिडकीत — त्यात साबणाचा तुकडा ठेवलाय. बाईचं डोकं चाललं म्हणायचं. आता यावर मी काय लिहू? यात झाकणाचा दोष काय? झाकण लावलेलं असलं तर पोराला उघडत नाही, हे सिद्ध झालंय. बाईनं लावलंच नाही तर तो दोष बाईचा. — पाचात चार घरी असंच उघडं? असतील चार. हात ओले असतात, साबणाचे असतात, पाणी यायची वेळ असते, सगळं मान्य. आम्ही काय परदेशात राहतो? बदलापूरला, कात्रपला, आमच्याकडेही चारला पाणी येतं आणि शुक्रवारी बंदच असतं. म्हणून गुरुवारी, म्हणजे आज, अख्ख्या बिल्डिंगमध्ये घासणं-धुणं एकदम निघतं. त्या वेळात बाया नवऱ्याचं ऐकत नाहीत, तर झाकणाचं काय ऐकणार. ते मला कळतं, घरातलंच आहे. पण जे कळतं ते सगळं रिपोर्टात येत नाही, तो नियमच आहे आमचा.

— एक मिनिट. हां हरेशभाई. हां, यहीं बैठी है मॅडम. नहीं नहीं, गुस्सा मत करो, बात कर रहे हैं हम लोग. साइन का क्या है, करता हूँ. टेम्पो को बोलो रुके जरा. हां, ठीक है, हां.

ऐकलंत? मला म्हणतात, तुम साइन करो, उसका मैं देखता हूँ. उसका म्हणजे तुमचं. घरी कोण कोण आहे तुमच्या? कुणी कमावतं आहे दुसरं? — नको, सांगू नका. मला माहीत करून घ्यायचं नाही. माहीत झालं की हात हलका होतो, आणि हलक्या हातानं मी कधी सही केली नाही, ना पासवर, ना नापासवर.

तुम्हाला वाटत असेल, म्हातारा आकड्याला चिकटून बसलाय. चिकटलोय मी. का ते सांगतो. माझे वडील, भगवान त्यांचं नाव, इथेच अंबरनाथला कारखान्यात रंगखात्यात होते. रोज संध्याकाळी वंदना घ्यायचे आमच्याकडून, पण शिकवलं एकच — मोठा माणूस म्हणतो म्हणून मानू नका, पोथीत लिहिलंय म्हणून मानू नका, मी तुमचा बाप सांगतो म्हणूनही मानू नका. तपासा. हातानं तपासा. आमच्या मागच्या किती पिढ्या 'असंच असतं' एवढ्या एका वाक्याखाली गेल्या, तुम्हाला सांगायला नको. म्हणून मला 'मला असं वाटलं', 'ती बाई मला असं म्हणाली', याची चीड येते. आकड्याला जात नसते, मॅडम. आकडा कुणाचा कोण लागत नाही. माझ्यासमोर शेठची बायको बसू दे नाहीतर झाडूवाली, दोघींना तेच टेबल आणि तीच खुर्ची. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या लाइनीत आलो आणि एवढ्यासाठीच राहिलो.

काय विचारलंत? — कुणाला घेतलं नाही, म्हणजे? तसं कुणाला मुद्दाम नाही. प्रत्येक चाचणीत काही माणसं वगळतातच. लहान पोरांत ताप असलेलं घेत नाही, मोठ्यांत हाताचं दुखणं असलेलं घेत नाही. साधे, धडधाकट हात घ्यायचे. त्यात लपवाछपवी काही नाही, रिपोर्टात तसं लिहितो आम्ही. — कोण म्हणजे? आता कोण कोण ते कसं आठवणार. असं धरा, सुषमाचंच उदाहरण घ्या. सुषमा माझी बायको. तीच म्हणाली, बायका कमी पडतायत तर मी येते. आली. चांगली साडी नेसून आली, जसं काही फोटो काढायचाय. बसली टेबलाशी. तिची बोटं अलीकडे आखडतात, सांध्यांचं आहे, सकाळी तर मूठ वळत नाही. दाबलं तिनं, फिरवलं, तर आपलं कट-कट. परत दाबलं. दोन्ही हात लावले, मग पदर गुंडाळून धरलं, परत कट-कट. मी समोर घड्याळ घेऊन. माझ्याकडे बघून हसली ती, म्हणजे मी काही तरी सांगेन असं वाटलं असेल. मी म्हटलं, सुषमा, तू ऊठ, बाजूला बस. तुझं मोजत नाही.

नियमानंच म्हटलं ना? दुखरा हात घेतला तर रीडिंग खराब होतं. सगळ्या बायकांसमोर म्हटलं हे खरं, तसं म्हणायला नको होतं. उठली ती. पर्स घेऊन त्या तिथे दाराशी बसली, सगळ्यांचं होईपर्यंत. वाटेत भाजी घेतली, भाव केला, पिशवी मात्र माझ्याकडे न देता त्याच दुखऱ्या हातानं घरापर्यंत नेली. — आता हे तुम्ही कुठल्या कुठे नेऊ नका. तुमच्याशी बोलता बोलता निघालं, हीच तर तुमची पद्धत, नाही का, बसायचं, चहा प्यायचा, समोरच्याला बोलू द्यायचं. मला माहीत नाही असं समजू नका. एक हात वगळला म्हणून चाचणी खोटी पडत नाही.

आणि मजा म्हणजे तेच झाकण ती घरी वापरते. मीच नेली सँपलची भरलेली बाटली. आपण पास करायची आणि आपल्या घरात नको, असं कसं चालेल? आमच्या बोअरच्या पाण्यानं टाइल्स पिवळ्या पडतात, तिला अ‍ॅसिड लागतंच. आजपर्यंत एक तक्रार नाही तिची. — कशी उघडते म्हणजे? ती कशाला उघडेल? मी सकाळी निघताना उघडून देतो. झाकण नुसतं वर टेकवून ठेवतो, लावत नाही, म्हणजे तिला फक्त उचलायचं. एवढंसं काम. घरातल्या घरात माणसं करतातच की असं एकमेकांसाठी. आजही ठेवलं, गुरुवार ना —

काय झालं? असं काय बघताय? — नाही, नाही, ते वेगळं. चंद्रीबाईचं वेगळं. तिच्या घरी पोरं आहेत, आमच्याकडे पोर कुठं आहे? आम्ही दोघंच. यशोधरा, माझी मुलगी, अंबरनाथला राहते, तिचा मुलगा सम्यक पाळणाघरात असतो दिवसभर, आमच्याकडे तो फक्त —

आज आहे तो. आज पाळणाघर बंद. बूट त्यानंच लपवला.

किती वाजले? त्या घड्याळावर जाऊ नका, ते मागे आहे, तुमच्या मोबाइलमध्ये बघा. — पाणी आलं असेल. थांबा, माझा फोन कुठंय, आत्ता तर हातात — हां. लागतोय. वाजतोय. ती नळ सोडून बसली ना की तिला ऐकूच येत नाही, बादलीत धार पडते, वर तो टीव्ही. उचल. अगं उचल. — नाही उचलत. परत लावतो. तुम्ही बसा, काही नाही, ती नेहमीच दुसऱ्यांदा उचलते. वर चढता येत नाही त्याला अजून. खाली मात्र काही ठेवायची सोय नाही, सगळं तोंडात. — हे हरेशभाई मध्येच कशाला येतायत, कट करतो. वाजतोय. मॅडम, तो पंखा बंद करा, मला ऐकू येत नाहीये.

— हॅलो. सुषमा. ऐक, सम्यक कुठंय? ते राहू दे, आधी सांग तो कुठंय. खेळतोय? कशाशी खेळतोय? … कसला आवाज येतोय तो मागे? टीव्ही बंद कर. बंद कर म्हणतो ना. … सुषमा, त्याच्या हातात काय आहे ते बघ.

बाटली कुठंय? अगं झाकण त्याच्याकडे आहे तर बाटली कुठंय? नंतर ओरड माझ्यावर, आधी जा, त्याला उचल आणि बघ. फोन ठेवू नको, घेऊन जा —

जातेय. बोलू नका.

— हां. हां, बोल. हात बघ त्याचे. तोंडाजवळ नाक ने, वास येतो का बघ. नीट घे. ओठ? जीभ काढायला लाव त्याला, त्याला आवडतं ते. … अंगावर? चड्डी ओली आहे ती कशानं, पाण्यानं? हात लावून बघ तू. चरचरतंय? … नाही ना. बरं. बरं. आता ती बाटली उचल आणि माळ्यावर — नाही, माळ्यावर हात पोचत नाही तुझा — गॅलरीत ठेव, दार लावून घे, वरची कडी. पाणी वाहू दे. जाऊ दे आज पाणी, उद्याचं उद्या बघू. … झाकण का नाही लावलंस पण? मी नुसतं टेकवून गेलो, तू वापरलंस, मग लावायचं ना घट्ट —

…

हां. … हो. … नाही, तसं नाही गं. तसं नाही म्हणालो मी. त्याला जवळ घेऊन बस. फोन चालू राहू दे, मी आहे इथेच.

ऐकलंत का? नाही, तुम्ही कसं ऐकणार. म्हणाली, लावलं तर परत कोण उघडणार, तुम्ही घरी असता का? चिडून नाही म्हणाली. सरळ म्हणाली, भाव विचारल्यासारखं.

बाटली मोरीत होती, खाली, बादलीला लागून. तो बादलीपर्यंत गेला होता, मॅडम. पाण्यात हात मारायला जातो, तसा गेला. बाटलीवर हे तुमचं झाकण ठेवलेलं दिसलं, ते उचलून हलवलं, तसं आतलं कडं बाहेरच्यावर आपटलं. वाजलं. वाजलं म्हणून त्याला ते पाहिजे झालं, आणि ते घेऊन बाहेर आला तिला दाखवायला. वाजलं नसतं तर तो बाटलीकडे वळला असता. झाकणानंच वाचवला म्हणायचं का? काय लिहायचं हे, कुठल्या रकान्यात? माझ्या रिपोर्टात यासाठी रकाना नाही. पोरानं उघडलं नाही, हे आजही खरं आहे. आजही पासच आहे ते.

घ्या. घ्या कानाला लावा, ऐका. येतोय ना आवाज? अजून सोडत नाही तो ते. सगळ्या विहारात पोरांनी हेच वाजवलं होतं आणि मी टिकमार्क करत बसलो होतो.

— तो दुसरा कॉल येऊ द्या, हरेशभाईच असतील. तुम्ही तुमचं लिहून घ्या. सहावं घर. बदलापूर, कात्रप. पाणी चारला. बाईची बोटं वळत नाहीत. नवरा सकाळी उघडून ठेवतो आणि कामाला जातो. — नवरा काय काम करतो ते लिहू नका. … लिहा. तेही लिहा, नाव नको. आणि खाली गेलात की टेम्पोवाल्याला सांगा, माल उतरव. कुणी सांगितलं विचारलं तर माझं नाव घ्या, हरेशभाईंनाही माझंच सांगा, तुम्ही मध्ये पडू नका, तुमची नोकरी आधीच लटकलीय. मी बघतो. आभार कसले मानताय, तुमचं झाकण अडवलं मी. नवीन घेऊन या. टेबल मांडून ठेवतो, तुम्ही सांगाल ते हात बसवू.

उठा आता. खरंच जा. फोन तेवढा द्या माझा, ती लाइनवर आहे अजून. आणि दार ओढून घ्या.

— हां, सुषमा. बोल. नाही, कुणी नाही इथे. तू बोल.